काम चालू ठेवून देशोदेशी राहायचंय? तयारी या क्रमाने करा

लॅपटॉपवर होणारं काम हाताशी आहे आणि पायाला भिंगरी लागली आहे, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः काही वर्षं अशीच राहते आहे. नव्याने निघणारे जवळजवळ सगळे पहिला प्रश्न विचारतात तो "कुठे जाऊ?" माझ्या मते हा प्रश्न पाचवा आहे. आधी काम, मग व्हिसा, मग कर, मग पैसे, आणि या चारांची उत्तरं मिळाली की जागा निवडायची. क्रम उलटा झाला की विमानाचं तिकीट हातात असतं आणि बाकी सगळं त्या तारखेला बांधून घाईत उरकावं लागतं.

ही सुट्टी नाही, हेही आधीच सांगते. आठवड्याचे पाच दिवस तुम्ही तेच काम कराल जे घरी करता. बदलतं ते कामानंतरचं जग. त्यासाठी राहणी साधी ठेवावी लागते: जागा कमी, सामान कमी, खर्चाची कलमं कमी. जेवढ्या गोष्टी सांभाळायच्या, तेवढं लक्ष कामातून आणि फिरण्यातूनही जातं.

१. कामाची परवानगी लेखी घ्या

नोकरी असेल तर साहेबांचं तोंडी "जा की, काय हरकत आहे" पुरेसं नाही. मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलवर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: कोणत्या देशांतून काम चालेल, एका देशात जास्तीत जास्त किती दिवस, आणि कंपनीचा लॅपटॉप व डेटा देशाबाहेर नेता येईल का.

कंपन्या इथे ताठर होतात, त्याला कारण आहे. एखादा कर्मचारी परदेशात बसून दीर्घकाळ काम करत राहिला, त्यातही त्याला कंपनीच्या वतीने करार करण्याचे अधिकार असले, तर तिथलं करखातं कंपनीची त्या देशात कायमस्वरूपी आस्थापना आहे असं धरून नफ्यावर कर मागू शकतं. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा प्रश्न वेगळाच. हे तुम्हाला माहीत असेल तर मागणी नेमकी करता येते. "कुठूनही काम करू द्या" याला नकार देणं सोपं असतं. "या दोन देशांतून प्रत्येकी साठ दिवस, कामाच्या वेळा याच" याचा निदान विचार होतो.

फ्रीलान्सर असाल तर एकाच क्लायंटच्या भरवशावर निघू नका. नवं काम मिळवायला फोन, भेटी, नमुने, पाठपुरावा असा भरपूर वेळ लागतो आणि नवख्या शहरात पहिले आठवडे नेमका तोच वेळ नसतो. काम आधी स्थिर करा, मग हला.

निघण्याआधी एक तालीम जरूर करा. राहत्या घरापासून काही तासांवरच्या दुसऱ्या गावी जा, सोबत नेणार आहात तेवढंच सामान घ्या आणि तिथून महिनाभर पूर्ण वेळ काम करा. खुर्ची, इंटरनेट, एकटेपणा, शिस्त यांपैकी काय आधी ढासळतं ते तिथेच कळेल आणि परत यायला विमान लागणार नाही.

२. व्हिसा: इथे घाई करू नका

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. "पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडला तर कोण बघतं" हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी ऐकायला मिळेल. कोणी बघत नाही म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. काही देशांनी नियम स्पष्ट केले आहेत. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना आपल्या परदेशातल्या नोकरीचं काम तिथून करायला मुभा दिली, पण भेटीचा मुख्य हेतू ते काम असता कामा नये. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशी मालकासाठी दूरस्थ काम चालेल असं ठरवलं. अनेक देश याबाबत गप्प आहेत, तर काही सरळ मनाई करतात. ज्या देशात जायचं त्याच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत साइटवर जाऊन वाचा. सीमेवर अधिकाऱ्याने विचारलं तर खोटं बोलू नका. खोटी माहिती दिल्यामुळे प्रवेश नाकारला गेला की पुढच्या बहुतेक व्हिसा अर्जांत "कधी प्रवेश नाकारला गेला आहे का" या रकान्यात ते लिहावं लागतं.

दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचे खास व्हिसा २०२० पासून रुजले. बार्बाडोसने त्या वर्षी जुलैत बारा महिन्यांची सोय सुरू केली, एस्टोनियाने ऑगस्टमध्ये. आता पर्याय बरेच आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा:

- पोर्तुगालचा डी-८ व्हिसा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. मासिक उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावं लागतं.
- स्पेनने डिसेंबर २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून हा व्हिसा आणला. तिथे अट किमान वेतनाच्या दुपटीची आहे. किमान वेतन बदललं की आकडाही बदलतो, म्हणून जुन्या लेखांतल्या रकमेवर जाऊ नका.
- थायलंडचा डीटीव्ही व्हिसा जुलै २०२४ पासून मिळतो. मुदत पाच वर्षं, दर प्रवेशाला १८० दिवस, आणि खात्यात ५ लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते.
- जपानचा व्हिसा मार्च २०२४ अखेर सुरू झाला. मुक्काम सहा महिने, मुदतवाढ नाही, वार्षिक उत्पन्न १ कोटी येन. शिवाय तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. उत्पन्न मोजत बसण्याआधी आपला देश त्या यादीत आहे का ते बघा.

उत्पन्नाचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागच्या काही महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवरून पाहिला जातो. पगार अनियमित असेल, तर अर्ज करायच्या बऱ्याच आधीपासून सगळी मिळकत एकाच खात्यात येईल अशी व्यवस्था करा.

शेंगेनचं गणित स्वतंत्रपणे समजून घ्या, कारण भले भले तिथे चुकतात. युरोपातले २९ देश मिळून शेंगेन हे एकच क्षेत्र धरलं जातं आणि अल्पमुदतीच्या मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. "तीन महिने राहा, एक दिवस बाहेर जाऊन या, पुन्हा तीन महिने" असं चालत नाही. तुम्ही आत असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजले जातात आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही धरला जातो. समजा, लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारीला आत गेलात आणि ३१ मार्चला बाहेर पडलात. ९० दिवस संपले. आता २९ जूनपर्यंत बाहेरच राहावं लागेल, ३० जूनला परत जाता येईल. म्हणून युरोपात लांब राहणारे मधला काळ अल्बेनिया, सर्बिया, आयर्लंड अशा शेंगेनबाहेरच्या देशांत काढतात. अर्थात तिथले व्हिसाचे नियम वेगळे तपासावे लागतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्का पुसट आहे म्हणून दिवस सुटतील, ही आशा आता धरू नका.

आणखी दोन सापळे. पासपोर्टची मुदत प्रवेशानंतर किमान सहा महिने उरलेली असावी अशी बऱ्याच देशांची अट असते. लांबच्या प्रवासाला निघताना मुदत दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर मी आधी नूतनीकरण करून घ्यायला सांगेन, कारण परदेशातल्या दूतावासातून ते करताना पासपोर्ट हाताबाहेर जातो आणि तुम्ही एका जागी अडकता. दुसरं, पुढच्या प्रवासाचं तिकीट. ते सीमेवर विचारलं जाईलच असं नाही, पण विमान कंपनीच्या काउंटरवर विचारलं जातं. तिथले कर्मचारी टिमॅटिक या माहितीसंचात तुमच्या पासपोर्टचे नियम बघतात आणि त्यात पुढचं तिकीट हवं असं असेल तर बोर्डिंग पास देत नाहीत.

३. कर: १८३ दिवसांवर विसंबू नका

"कुठेच सहा महिने राहिलं नाही की कुठेच कर नाही" ही समजूत चुकीची आहे. अनेक देशांत १८३ दिवस हा करनिवासी (म्हणजे करापुरता त्या देशाचा रहिवासी) ठरण्याचा एक निकष असतो, एकमेव नव्हे. कायमचं घर, कुटुंब, आर्थिक हितसंबंध यांवरूनही निवास ठरतो. अमेरिका तर आपल्या नागरिकांना ते जगात कुठेही राहिले तरी करविवरणपत्र भरायला लावते. त्यामुळे निघण्याआधी आपल्या देशातल्या कर सल्लागाराला एकदा भेटा आणि तीन प्रश्न विचारा: मी करनिवासी राहतो का, कुठल्या तारखेला ते बदलतं, आणि ज्या देशांत जाणार आहे त्यांच्याशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का.

तारखांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते: देश, आत गेल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, पुराव्याला बोर्डिंग पासचा फोटो. व्हिसाला आणि कराला, दोन्हीला ती लागते.

४. पैसे, कार्डं आणि ओटीपी

कार्डं कमीत कमी दोन, वेगवेगळ्या बँकांची आणि वेगवेगळ्या नेटवर्कची (एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं, असं). ती एकाच पाकिटात ठेवू नका. परदेशात कार्ड देताना मशीन विचारतं, रक्कम तुमच्या चलनात घेऊ की स्थानिक? नेहमी स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानदाराच्या बँकेने लावलेला विनिमय दर असतो आणि तो सहसा महाग पडतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो.

खरी अडचण मात्र ओटीपीची. बँक, ई-मेल, कंपनीचं लॉगिन सगळं एका मोबाइल नंबरला बांधलेलं असतं. तो नंबर परदेशात बंद पडला किंवा फोनच गेला, तर पैसे असून काढता येत नाहीत आणि काम असून करता येत नाही. म्हणून निघण्याआधी एक पूर्ण दिवस फक्त यासाठी काढा:

- घरचा नंबर चालू राहील असा प्लॅन घ्या आणि रोमिंगमध्ये एसएमएस येतो का ते कंपनीला विचारा. ठरावीक काळ रिचार्ज नसला तर नंबर बंद करून दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, त्यामुळे रिचार्जच्या तारखेची आठवण लावून ठेवा.
- शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं) वापरा. ते इंटरनेटशिवाय, सिमशिवाय चालतं.
- प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे रिकव्हरी कोड (फोन नसताना खातं उघडायचे राखीव कोड) कागदावर छापा. एक प्रत बॅगेत, एक घरच्या विश्वासू माणसाकडे.
- जुना फोन विकू नका. त्यावर तेच ऑथेंटिकेटर आणि बँकेची ॲप चालू करून ठेवा आणि तो मुख्य फोनपासून वेगळा ठेवा.

मग परीक्षा घ्या. मुख्य फोन बंद करून एका कोपऱ्यात ठेवा आणि केवळ उरलेल्या साधनांवर ई-मेल, बँक आणि कामाचं लॉगिन उघडून दाखवा. जिथे अडाल, तिथे तयारी अपुरी आहे.

शिल्लक किती हवी याला माझं उत्तर असं आहे: तीन महिन्यांचा खर्च आणि कुठूनही घरी परत यायचं तिकीट, हे दोन्ही वेगळ्या खात्यात. घरी मागे राहिलेले हप्ते, गोदामात ठेवलेल्या सामानाचं भाडं, विसरलेली सबस्क्रिप्शनं हाही खर्चच. ते बंद करता आले तर मिळकत न वाढवताही प्रवास लांबतो.

५. आता जागा निवडा आणि तिथे टिका

एका ठिकाणी किमान महिनाभर राहा. माझं मत इथे पक्कं आहे. दर आठवड्याला गाव बदललं की एक दिवस बांधाबांध आणि प्रवासात जातो, एक नवी जागा लावण्यात, एक किराणा-बस-इंटरनेट शोधण्यात. उरलेल्या दिवसांत काम मागे पडतं आणि ते भरून काढताना गाव बघायचं राहतं. खर्चही हलण्यातच होतो. एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या साइटवर २८ किंवा जास्त रात्रींचा मुक्काम मासिक धरला जातो आणि बरेच घरमालक त्यावर सूट देतात. पहिला आठवडाच आधी ठरवून तिथे पोचल्यावर स्थानिक पातळीवर घर शोधणं आणखी स्वस्त पडू शकतं. पण आगाऊ रक्कम घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कधीही पाठवू नका. फोटो दुसऱ्याच घराचे असणं हा जुना आणि अजूनही चालणारा धंदा आहे.

घरमालकाला बुकिंगआधी हे विचारा: टेबल आणि पाठ टेकायची खुर्ची आहे का (फोटो मागा), वाय-फाय त्या घराचं स्वतंत्र आहे की सगळ्या इमारतीत वाटलेलं, जवळ बांधकाम चालू आहे का, वीज जाते का. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागायला संकोच करू नका.

एकटेपणाबद्दलही थोडं. तो येतोच, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, नवलाई ओसरल्यावर. को-वर्किंगची (अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसची) जागा, भाषेचा वर्ग, ठरावीक वेळेला ठरावीक मैदान, काहीही चालेल, पण आठवड्यातून दोनदा तीच माणसं भेटतील असं काहीतरी लावून घ्या. महिनाभर राहण्याचा मोठा फायदा हाच आहे: भाजीवाली ओळखायला लागते, शेजारी नमस्कार करतो.

६. इंटरनेट आणि घड्याळ

व्हिडिओ कॉलला प्रचंड वेग लागत नाही. वर जाणारा आणि खाली येणारा, दोन्ही वेग ३-४ एमबीपीएस स्थिर असतील तर कॉल नीट होतो. जाहिरातीत दाखवतात तो डाउनलोडचा आकडा; तुमचा आवाज तुटतो तो अपलोड आणि अस्थिरतेमुळे. पोचल्या दिवशी कामाच्या वेळेत दोन-तीनदा चाचणी घ्या. रात्रीचा वेग फसवा असतो.

दुसरी वाट कायम तयार हवी. फोन ई-सिम (कार्डाशिवाय चालणारं, फोनमध्येच उतरवायचं सिम) घेणारा असेल तर घरचं सिम जागेवर ठेवून स्थानिक डेटा ई-सिमवर घेता येतो आणि वाय-फाय पडलं की हॉटस्पॉटवर काम चालू राहतं. निघण्याआधी फोन नेटवर्क-लॉक, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, एवढं बघा. चीनच्या मुख्य भूमीत गूगलच्या सेवा चालत नाहीत. तुमचं काम त्यांवर अवलंबून असेल तर ते तिकिटाआधी लक्षात घ्या.

वेळेच्या फरकाचा अंदाज नकाशावरून घेऊ नका, आठवडाभर तसं जगून बघा. टीमच्या दिवसाशी रोज किमान चार तास जुळत असतील तर काम सुरळीत चालतं. पहाटेच्या मीटिंग निभावतात, मध्यरात्रीच्या फार काळ निभावत नाहीत. शिवाय घड्याळं हलतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे जातो, युरोपात शेवटच्या रविवारी. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीची मीटिंग एका तासाने सरकते. कॅलेंडरमध्ये मीटिंग नेहमी ठरवणाऱ्याच्या शहराच्या वेळेने टाका, म्हणजे बाकीचं ते सांभाळून घेतं.

प्रवासाचा दिवस कामाचा धरू नका. विमानतळावरून मीटिंग घेईन असं कबूल करू नका.

७. बॅग

बऱ्याच विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ७ ते १० किलोंच्या आसपास असते. त्यात बसेल तेवढंच न्या. आठवड्याचे कपडे पुरतात, कारण कपडे सगळीकडे धुता येतात. ज्यावर वजन खर्च करावं अशा वस्तू मोजक्याच आहेत: लॅपटॉपचा घडीचा स्टँड, वेगळा कीबोर्ड व माउस (मानेसाठी), चांगला माइक असलेला हेडफोन, लॅपटॉप-फोन दोन्ही चालणारा एक यूएसबी-सी चार्जर, प्लगचा ॲडॅप्टर आणि बॅकअपची छोटी ड्राइव्ह. जगात प्लगचे १५ प्रकार आहेत, पण लॅपटॉपच्या चार्जरवर "१००-२४० व्होल्ट" असं छापलेलं असेल तर ॲडॅप्टर पुरतो, जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चेक-इन सामानात बंदी आहे. मर्यादा सर्वसाधारणपणे १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास, तेव्हा ती चालते. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात.

८. विमा आणि औषधं

सुट्टीचा प्रवास विमा अनेकदा एका सहलीला ठरावीक दिवसांपुरताच असतो. लांब मुक्कामाला चालणारी पॉलिसी घ्या आणि त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. दुचाकी हा तिथला मोठा खड्डा: त्या देशात वैध ठरेल असा दुचाकीचा परवाना नसेल तर अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो. लॅपटॉपवरची भरपाईची कमाल रक्कमही बघा, ती बऱ्याचदा लॅपटॉपच्या किमतीपेक्षा कमी असते.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चिठ्ठीवर औषधाचं घटकनाव लिहून घेऊन न्या. एका देशात सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकतं. जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आधी "युन्यू काकुनिनशो" हा परवाना घ्यावा लागतो, आणि काही उत्तेजक औषधांवर तिथे चिठ्ठी असली तरी बंदी आहे. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागणाऱ्या देशात जाणार असाल तर ते लसीनंतर १० दिवसांनी वैध होतं आणि आता आयुष्यभर चालतं.

९. कागदपत्रं

मूळ प्रती सोबत, स्कॅन क्लाउडवर आणि एक संच फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा:

- पासपोर्ट, मिळालेले सगळे व्हिसा, पासपोर्ट आकाराचे काही फोटो
- नोकरीचं पत्र किंवा क्लायंटचे करार, परदेशातून कामाला परवानगी देणारा ई-मेल
- मागच्या सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, मागच्या वर्षाचं करविवरणपत्र
- विम्याची पॉलिसी आणि चोवीस तास चालणारा मदत क्रमांक (कागदावरसुद्धा)
- पोलीस ना-हरकत दाखला, जिथे व्हिसाला लागतो तिथे. त्याची ग्राह्य मुदत कमी असते, म्हणून अर्जाच्या जवळ काढा
- वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना
- लसीकरणाची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या

घरच्या पत्त्यावर येणारी टपालं उघडून वाचेल असा एक माणूस नेमा. बँकेचं नवं कार्ड, कर खात्याची नोटीस अजूनही कागदावर येते आणि तिला उत्तराची मुदत असते. त्या माणसाला या कागदांच्या प्रती, तुमचा सध्याचा पत्ता आणि पुढच्या महिन्याची योजना माहीत असू द्या. मुक्काम बदलला की त्याच दिवशी त्याला नवा पत्ता कळवा.